कासवीची नजर

आपल्या मालवणी मुलखात परका माणूस खळ्यात येऊन उभा राहिला, की पाण्याच्या तांब्याबरोबर एक प्रश्नही पुढे होतो : ‘खंयचो रे तू? कोणाचो?’ त्या प्रश्नात संशय फारसा नसतो. गाव कळला, आडनाव कळलं, कुठल्या देवाचा कौल मानणारी मंडळी तेही कळलं, म्हणजे त्या माणसाला आपल्या मनात कुठेतरी बसवता येतं, आणि एकदा बसवला की मग त्याला पेजेला थांबवायलाही हरकत नसते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका घरात असाच एक परका तरुण येतो. अंगात ताप आहे, मनगटावर कापल्याची खूण आहे, डोळ्यांत ओळखीचा मागमूस नाही; आणि ज्या बाईने त्याला घरात आणलं, ती त्याला हा प्रश्न विचारत नाही. या न विचारलेल्या प्रश्नापाशी आपण थोडं रेंगाळू या. मला सगळा चित्रपट त्याच्याच भोवती विणलेला दिसतो.

कथा म्हणाल तर एका श्वासात सांगून होईल. स्वतःचं मनगट कापून घेतलेला मानव इस्पितळातून पळतो, भरकटत राहतो, आजारी अवस्थेत वाटेत सापडतो. मोटारीने निघालेली जानकी आणि तिचा चालक यदू त्याला उचलतात, जानकी त्याला समुद्राकाठच्या आपल्या घरी आणते. ती स्वतः अमेरिकेतला संसार मागे टाकून आलेली, नैराश्याच्या खोल विहिरीतून उपचारांच्या आधाराने वर आलेली, आणि आता दत्ताभाऊ नावाच्या वयस्कर गृहस्थांच्या कासव-संवर्धनाच्या कामात रमू पाहणारी. पुढे जे घडतं ते इतक्या हलक्या पावलांनी घडतं, की घटना म्हणून ते सांगू गेल्यास हाती काही उरत नाही. खायला मिळतं, झोपायला मिळतं, गप्प बसायला मिळतं. इथे कोणी खलनायक नाही, कोणाचा सूड नाही, आणि बरं होण्याचा तो एक क्षणही नाही, ज्या क्षणी वाद्यवृंद उसळून यावा आणि आपण रुमाल काढावा.

अभिनयाच्या अंगाने पाहिलं तर विचारणं सोपं आणि न विचारणं फार अवघड. विचारणाऱ्या नटाच्या हाती शब्द असतात, स्वर असतो, भुवई असते. न विचारणाऱ्याने काय करावं? जानकी साकारणाऱ्या इरावती हर्षे यांनी याला दिलेलं उत्तर असं, की तिचं लक्ष त्या मुलाकडे असतं आणि ते लक्ष त्याच्या अंगावर पडत नाही. ती त्याच्यासाठी थांबते, पण आपण थांबलो आहोत हे त्याला जाणवू देत नाही. समजूतदार, मंद, कधी किंचित थकलेला असा तिचा आवाज आहे. त्यात करुणेचा तो गोड पाक नाही जो आजारी माणसाला सर्वांत जास्त नकोसा होतो. आणि हे तिला जमतं, याचं कारण पटकथेने फार नीट पेरलेलं आहे : तिला हे सगळं विचारून झालेलं आहे. नैराश्य ज्याने भोगलं आहे त्याच्यावर ‘काय कमी आहे तुला?’ या प्रश्नाचे घाव इतके पडलेले असतात, की तो पुढच्या माणसावर तो प्रश्न उगारूच शकत नाही. जानकी मानवला जे देते ते तिला एके काळी हवं होतं. हे वाक्य चित्रपट कुठे उच्चारत नाही. आपणच ते हळूहळू जुळवतो, आणि ते आपण जुळवलेलं असल्यामुळे ते आपलं होतं.

आता त्या कासवाकडे वळू. शीर्षकातच बसलेला हा प्राणी मराठी मनात काही आज आलेला नाही. देवळात गाभाऱ्यासमोर त्याची दगडी पाठ पाहत आपण लहानाचे मोठे झालो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची ओळख करून देताना अवयव आत ओढून घेणारं कासव आलं, ज्ञानदेवांनी ते मराठीत आणलं, आणि इंद्रियनिग्रहाची ती आकृती आपल्या कीर्तनांत कायमची वसली. पण संतांच्या वाङ्मयात आणखी एक कासव आहे, आणि माझा जीव त्याच्यावर अधिक आहे. ते म्हणजे कासवी, आई. ती पिलांना पाजत नाही, पंखांखाली घेत नाही. पैलतीरावरून ती नुसती पाहते, आणि तिच्या पाहण्यावरच पिलं वाढतात अशी ती कल्पना. गुरूची शिष्यावरची कृपा, विठ्ठलाची भक्तावरची माया सांगताना या नजरेचा दाखला पुन्हा पुन्हा येतो. स्पर्शाचं ओझं नाही, घासाचा उपकार नाही, फक्त दृष्टीचा धागा आहे आणि तो तुटत नाही, असं प्रेम. जानकी मानवकडे जशी पाहते ते पाहताना मला हीच कासवी आठवते. चित्रपटाच्या कर्त्यांनी ती मनात धरली होती की नाही, याची मला गरज वाटत नाही. एखादी प्रतिमा भाषेत शतकानुशतकं मुरलेली असली, की कलावंताने हाक न मारताही ती येऊन उभी राहते.

वरवर पाहता चित्रपटातलं साम्य पहिल्या कासवाचं आहे. मन दुखावलं की माणूस आत शिरतो, कवचाखाली जातो; सुरक्षित वाटलं की बाहेर येतो. मानवचं तसंच आहे, आणि आलोक राजवाडे यांनी ते देहाने लिहिलं आहे : खांदे जवळ आलेले, नजर खाली, अंगच जणू अंगात ओढून घेतलेलं. पण आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले जातीचं कासव आपण जवळून पाहिलं, तर एक गोष्ट ध्यानात येते आणि प्रतिमा एकदम खोल होते. समुद्री कासवाला आपलं डोकं कवचात ओढून घेताच येत नाही. तळ्यातल्या, नदीतल्या कासवाला जे येतं ते याला येत नाही. त्याची मान आणि त्याची वल्ह्यांसारखी हातपायांची पाती कायम बाहेरच असतात. म्हणजे ज्याला लपता येत नाही असा हा जीव आहे. त्याच्यापाशी कवच आहे पण आसरा नाही. संकट आलं तर आत जायचं नाही, पोहायचं. मानवचा रोगही असाच नाही का? पाहणाऱ्याला वाटतं, तो आत शिरून दार लावून बसला आहे. खरं म्हणजे त्याला लपायला जागाच उरलेली नाही, त्याचं सगळंच उघड्यावर आहे. म्हणून तर साधा स्वर, साधी चौकशी त्याला झोंबते. असं मन ज्याच्या वाट्याला आलं त्याला कवचातून बाहेर काढायचं नसतं, त्याच्याभोवती पुरेसं पाणी आहे एवढं पाहायचं असतं.

आणि इथे कासवं राखण्याच्या प्रत्यक्ष कामाची माहिती असली की चित्रपटाचा आस्वाद दुणावतो. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगडचं तांबळडेग ही आपल्या जिल्ह्यातली गावं त्यासाठी ओळखली जातात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम गावकऱ्यांच्या हाती रुजवलं. हिवाळ्याच्या रात्री मादी वाळूवर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा हातभर खोल खड्डा खणते, शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते, वाळू लोटून ती जागा पोटाने दाबते आणि परत फिरत नाही. पहाटे राखणदार तिच्या पावलांची ओळ शोधत निघतात, कारण कुत्री आणि कोल्हेही तीच ओळ शोधत असतात. अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, त्याच घाटाचा खड्डा करून त्यात ठेवायची. मग साधारण पन्नास दिवस काही करायचं नाही. उकरून बघायचं नाही, हलवायचं नाही. वाळूची ऊब आपलं काम करत असते, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उबेवरच ठरत असतं. वेळ जवळ आली की वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. पिल्लं वर आली तरी त्यांना नेऊन पाण्यात सोडत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर, ओल्या वाळूवर ठेवतात. तेवढं अंतर त्या इवल्या जिवाने आपल्या पायांनी कापायचं असतं. आपला किनारा कुठला, ही खूण त्या चालण्यात त्याच्या अंगात उतरते असं मानतात.

ज्याने हे काम एकदा पाहिलं आहे, त्याला ‘कासव’मधल्या घराची सगळी रचना उलगडते. जानकीचं घर म्हणजे ते कुंपण. खड्डा तेवढाच खोल हवा, ऊब तेवढीच हवी, आणि उकरून पाहायचं नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे हात मागे घ्यायचा, याचं इतकं सूक्ष्म भान मनोरुग्णावरच्या चित्रपटात मी क्वचित पाहिलं. संतांच्या कल्पनेतली कासवी पैलतीरावरून पाहत राहते. वाळूवरची खरी कासवी तर पाहतही नाही, ती समुद्रात निघून गेलेली असते. तिची नजर माणसांनी उचलून घेतली आहे, आणि दत्ताभाऊंसारखी माणसं आपलं उतारवय त्या उसन्या नजरेत घालवतात. हे मातृत्व कोणत्याही नात्याने आलेलं नाही. मानव जानकीचा कोणी नव्हे, कासवं दत्ताभाऊंची कोणी नव्हेत.

या चित्रपटातलं संगीत ऐकायचं तर आधी गाज ऐकावी लागते. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्याला ती ऐकू येईनाशी झालेली असते. गाज थांबली तरच आपण दचकू. बाहेरगावच्या माणसाला मात्र पहिल्या रात्री ती झोपू देत नाही आणि तिसऱ्या रात्री तीच त्याला झोपवते. मानवच्या कानांनी आपण ती पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकतो, ही या चित्रपटाकडून आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला मिळालेली खास भेट. साकेत कानेटकर यांच्या संगीताची मातब्बरी अशी, की ते या गाजेच्या पुढे धावत नाही. सुकथनकरांनी लिहिलेलं ‘लहर समंदर रे’ हे गाणं सायली खरे यांच्या आवाजात येतं. मराठी चित्रपटात हिंदी वळणाचं गाणं का, असा प्रश्न मनात येण्याआधीच तो आवाज आपल्याला वेढून घेतो. त्यात गळ्याची कसरत नाही, भावनेचा चढा रंग नाही. स्वर येतो, थोडा ओला होतो, ओसरतो. गाणं मानवच्या वतीने रडत नाही आणि त्याला हसायलाही सांगत नाही. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘संहिता’ने शैलेंद्र बर्वे यांना संगीतासाठी आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांना गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले होते, म्हणजे सुरांचं ऐश्वर्य मांडणं यांना येत नव्हतं असं नाही. इथे त्यांनी तो डौल बाजूला ठेवला, कारण ज्याच्या कानांत आधीच कोलाहल आहे त्याच्यासमोर डौल मांडायचा नसतो.

सूर, बेघरपण आणि मनाचा आजार यांचं नातं सांगणारा दुसरा एक चित्रपट शेजारी ठेवून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होतं. २००९ साली आलेला जो राइट दिग्दर्शित ‘द सोलोइस्ट’ हा लॉस एंजलिसच्या रस्त्यांवर राहणाऱ्या नथॅनियल एअर्स या खऱ्याखुऱ्या वादकाची कथा. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या विख्यात संगीतशाळेतला हा विद्यार्थी स्किझोफ्रेनियाच्या तडाख्यात शिक्षण सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी, सामानाने भरलेली ढकलगाडी घेऊन, बीथोवनच्या पुतळ्याजवळ वाजवत असताना ‘लॉस एंजलिस टाइम्स’च्या स्टीव्ह लोपेझ या स्तंभलेखकाला भेटला. त्याच्या व्हायोलिनला दोनच तारा होत्या. या दोन तारांवर आपण क्षणभर कान ठेवू या. चार तारांचं वाद्य दोन तारांवर वाजवणाऱ्याला जे सूर मिळत नाहीत ते तो सोडून देत नाही. त्यांच्या जागा तो मनात भरून घेतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्यालाही तेच करावं लागतं. जेमी फॉक्सने ती भूमिका केली आहे, आणि त्याच्या ओठांतून एकमेकांत गुंतून धावणारी वाक्यंही त्या दोन तारांवरच्या वादनासारखीच आहेत : मधले दुवे गळालेले, पण चाल सुटलेली नाही.

त्या चित्रपटात सुराला भव्य वाट करून दिली आहे. भेट मिळालेल्या चेलोवर तो वाजवू लागतो तेव्हा कॅमेरा कबुतरांबरोबर शहरावर उंच उठतो. सभागृहात बीथोवनच्या तिसऱ्या सिंफनीची तालीम ऐकताना पडद्यावरची माणसं नाहीशी होतात आणि काळोखात नुसते रंग उमलत, विरत राहतात. स्वर ऐकताना त्याच्या मनात काय होत असेल हे दाखवण्याचं ते धाडस मला मनापासून आवडतं. तरीही त्यातला सर्वोच्च क्षण मला त्या रंगांत सापडत नाही. लोपेझ त्याला घर द्यायला, औषध द्यायला, मंचावर उभं करायला धडपडतो आणि प्रत्येक धडपडीत त्याला थोडा थोडा गमावतो; शेवटी तो त्याच्या शेजारच्या खुर्चीवर नुसता बसतो आणि दोघं मिळून संगीत ऐकतात. खऱ्या एअर्सचं मुख्य वाद्य डबल बास, चित्रपटाने चेलो केलं. पण शेजारी बसून ऐकण्याची ही गोष्ट बदललेली नाही. अमेरिकन पत्रकार ज्या ठिकाणी चित्रपटाच्या अखेरीस पोहोचतो, तिथून आपली जानकी सुरुवात करते. ही मला ‘कासव’ची थोरवी वाटते.

नटांबद्दल एक-दोन गोष्टी रसिकाने हळूच दुसऱ्या रसिकाच्या कानात सांगाव्यात अशा आहेत. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ आपण पाहिला असेल. त्यातला नचिकेत, ज्याला या सगळ्यातून निघून जावंसं वाटतं आणि जो विहिरीत मृत्यू पावतो, तो आलोक राजवाडे होता. काही वर्षांनी तोच चेहरा पुन्हा निघून जाण्याच्या त्याच ओढीने आपल्यासमोर येतो, आणि या वेळी पाणी त्याला गिळत नाही. दोन वेगळ्या दिग्दर्शकांच्या, एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या या दोन कलाकृती प्रेक्षकाच्या मनात एकमेकींना भेटतात, आणि ‘विहीर’ पाहताना घशाशी आलेलं काहीतरी ‘कासव’ पाहताना सैल होतं. तसंच दत्ताभाऊंचं. डॉ. मोहन आगाशे हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेले शास्त्रीबुवा तेच होते. म्हणजे प्रत्यक्षात वैद्य, एका चित्रपटात रुग्ण, आणि या तिसऱ्या ठिकाणी दोन्ही नाही, केवळ कासवं राखणारा एक म्हातारा. चित्रपटाचे एक निर्मातेही तेच. मनाच्या डॉक्टरने मनाच्या आजारावरच्या चित्रपटात डॉक्टर न होणं, हे मला फार बोलकं वाटतं. आणि यदू? किशोर कदम, म्हणजे आपले कवी सौमित्र. संशय, माया आणि मालकिणीबद्दलची काळजी एकाच कपाळावर वागवणारा हा चालक चित्रपटाला जमिनीवर ठेवतो. जानकीच्या उदारपणाची किंमत कोणीतरी मोजून पाहायला हवीच होती. ‘कोण हा पोरगा? उद्या काही झालं तर?’ हा रस्त्यावरचा शहाणपणा यदूच्या नजरेत आहे, म्हणून जानकीचा निर्णय आपल्याला खरा वाटतो.

पण माझं मन सर्वांत जास्त रमतं ते परशूपाशी. ओंकार घाडी या मुलाने रंगवलेला हा पोर अनाथ, रस्त्यावर वाढलेला, आणि तोंडाने अखंड वाहता. चित्रपटात घर नसलेला माणूस खऱ्या अर्थाने हाच. मानवला घर आहे, नातलग आहेत, शिक्षण आहे. त्याला त्या घरात राहता येत नाही. परशूला काही नाही, आणि तो साऱ्या गावात घरच्यासारखा वावरतो. दोघांना समोरासमोर ठेवून दिग्दर्शकांनी तुलनेचा धडा दिला असता तर सगळंच नासलं असतं. ‘बघ, याच्यापाशी काही नसून हा हसतो’ असं मानवला कोणी ऐकवत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण नैराश्यातल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं. परशू मानवला बरं करायला आलेलाच नाही. त्याला बोलायला कोणीतरी हवं आहे, आणि गप्प बसलेला माणूस त्याला आयता श्रोता सापडतो. ज्याला सगळे बोलतं करू पाहतात त्याला इथे प्रथमच कोणीतरी ऐकायला बसवतं. इथेही तो ‘सोलोइस्ट’चा धागा उलट बाजूने हाती येतो : तिथे धडधाकट माणूस ऐकायला शिकला, इथे आजारी माणसाला ऐकणारा होण्याचा मान मिळाला.

प्रत्येक मानवला जानकीची मोटार भेटत नाही, हे चित्रपटाबाहेरचं दुःख चित्रपट पाहताना मनात येत राहतं आणि यावंच. एस. टी. स्टँडच्या बाकावर, देवळाच्या पायरीवर, महामार्गाच्या कडेला वाढलेल्या दाढीतला कोणीतरी आपण ओलांडून जातो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी असाच एक तरुण मुंबईत पाहिला होता, नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पिणारा. उपचारांनंतर कळलं की तो चांगला शिकलेला मुलगा आहे. त्यातून श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम उभं राहिलं, कर्जतला त्याचा विस्तार झाला, आणि २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातल्या पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम रस्त्यावरच्या अशा निराधारांना सांभाळतो. ‘कासव’मध्ये पडद्यावर जे एका घरात घडतं, ते तिथे रोजच्या रोज, गाण्याशिवाय आणि छायाचित्रणाशिवाय घडत असतं.

आणि एक योग असा, की तो कोणी पटकथेत लिहिला तर आपण अविश्वासाने मान हलवू. ७ एप्रिल २०१७ या दिवशी ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं, श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. तो जागतिक आरोग्य दिन होता आणि त्या वर्षीचा विषय होता नैराश्य. आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. चित्रपट तयार झाला तेव्हा मानवने स्वतःच्या मनगटाशी जे केलं तो दंडसंहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. या नव्या कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आणि त्याची शुश्रूषा ही सरकारची जबाबदारी ठरवली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याचं कर्तव्य पोलिसांवर त्याच कायद्याने घातलं आहे. सुमित्राताई आज नाहीत, १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या. समाजकार्याचं शिक्षण घेऊन, माणसांच्या दारोदारी ऐकत फिरून मग चित्रपटाकडे वळलेल्या या बाईंनी आपल्या उत्तरायुष्यात ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ ही मनाच्या आजारांवरची तीन चित्रं मराठीला दिली. तिन्हींत सर्वांत कमी बोलणारं आणि सर्वांत जास्त ऐकणारं चित्र ‘कासव’चं आहे.

म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींकडे एक मागणं आहे. वायंगणी, तांबळडेग आणि इतर गावांत कासवांचा हंगाम आला, पिल्लं सोडायला बाहेरगावचे लोक जमू लागले, की एका रात्री हा चित्रपट गावात दाखवा. दशावतारासाठी आपण रात्र रात्र जागतो, डबलबारीला उभे राहतो. त्या रसिकतेला हा दोन तासांचा संयम जड नाही. चित्रपट संपल्यावर भाषण ठेवू नका, फक्त टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांना सांगा; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पडदा शाळेच्या आवारात लावा, देवळाच्या मांडावर लावा, वाळूवर मात्र नको. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, आणि किनाऱ्यावर दिवे असले की ती समुद्राकडे पाठ करतात.